सातव्या वर्षी एक्सपांडर की बाराव्या वर्षी ब्रेसेस?
वरचा जबडा अरुंद असून वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसत असतील, म्हणजे क्रॉसबाइट असेल, तर सात ते नऊ वर्षांतच एक्सपांडर (टाळूला बसवून जबडा हळूहळू रुंदावणारं साधन) लावलेला बरा. टाळूमधला सांधा तेव्हा पक्का जुळलेला नसतो. आई किल्लीने त्यातला स्क्रू फिरवते, दर वेळी साधारण पाव मिलिमीटर. पुढच्या दोन दातांत फट पडली की घरचे घाबरतात. ती तर जबडा रुंदावल्याची खूण!

नुसते वाकडे दात असतील तर मी थांबेन. बारा-तेराव्या वर्षी बहुतेक दुधाचे दात पडलेले असतात, एकाच खेपेत काम उरकतं. लवकर सुरू केलं तरी पुढे ब्रेसेस बहुधा लागतातच, खर्च दोनदा.

मूल घोरतंय, तोंडाने श्वास घेतंय? आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून टॉन्सिल, अ‍ॅडिनॉइड (नाकामागची ग्रंथी) तपासून घ्या. एक्सपांडरने श्वास सुधारेलच, असं छातीठोकपणे सांगणाऱ्यापासून चार हात लांब.