पाईप की सिगार? माझं मत पाईपला

दोन्ही वापरून सांगतो, नाशिकमध्ये राहून हौस म्हणून करायचं तर पाईपच घ्या. सिगार ठेवायला ६५ ते ७० टक्के आर्द्रता लागते आणि आपल्याकडे एप्रिल-मेत हवा इतकी कोरडी असते की गावातल्याच एका दुकानातून आणलेली सिगार कापली तर वरचं पान पापडासारखं तडकलं, पैसे पाण्यात. वर एकदा पेटवली की पाऊण-एक तास बसावंच लागतं, अर्धी ठेवली की दुसऱ्या दिवशी कडू.

माझा पाईप ब्रायरचा आहे, म्हणजे भूमध्य समुद्राकडच्या एका झुडपाच्या मुळाजवळची गाठ, सहजी जळत नाही. तंबाखू तीन थरांत भरायची, खाली सैल, वर जरा दाबून, पहिल्यांदा पेटवली की ती फुगून वर येते मग हलकेच दाबून परत पेटवायची, हे मला फार आवडतं. घाईत ओढलं तर जीभ भाजते हां. नंतर आतून क्लीनर (मऊ धागे गुंडाळलेली बारीक तार) फिरवून पाईपला एक दिवस आराम.

धूर छातीत घेत नाहीत दोन्हीत, तरी तोंडाच्या कॅन्सरचा धोका आहेच, म्हणून मी फक्त रविवारी, गच्चीवर, पोरं खाली असताना.