पाचव्या महिन्यात गंभीर व्यंग निघालं, तर गोळ्या की शस्त्रक्रिया?

अ‍ॅनोमली स्कॅन, म्हणजे बाळातलं व्यंग शोधणारी सोनोग्राफी, १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास होतो. म्हणजे बाळाच्या मेंदूतला किंवा हृदयातला गंभीर दोष कळेपर्यंत पाचवा महिना लागलेला असतो. गर्भपात करायचा हे ठरलं, की पुढचा प्रश्न पद्धतीचा.

गोळ्यांच्या पद्धतीत आधी मिफेप्रिस्टोन देतात. २४ ते ४८ तासांनी रुग्णालयात दाखल करून दर काही तासांनी मिसोप्रोस्टॉल जिभेखाली किंवा योनीमार्गात ठेवतात. थंडी वाजते, अंग तापतं, कधी जुलाब होतात आणि मग कळा सुरू होतात. हे बाळंतपणच असतं, आणि नेमकं हेच पुष्कळ जणींना आधी कोणी सांगत नाही. मिसोप्रोस्टॉल सुरू झाल्यावर बहुतेक जणी २४ तासांच्या आत मोकळ्या होतात. वार अडकली तर पिशवी साफ करावी लागते. वेदना कमी करणारं औषध संकोच न करता मागा. सोसत राहण्याचं काहीच कारण नाही.

शस्त्रक्रियेत पिशवीचं तोंड आधी सैल करून घेतात आणि भूल देऊन गर्भ काढतात. कळा सोसाव्या लागत नाहीत, बऱ्याचदा त्याच दिवशी घरी जाता येतं. मात्र एवढ्या आठवड्यांना त्यासाठी सरावलेला हात लागतो आणि आपल्याकडे असे डॉक्टर थोडे. ‘इतक्या आठवड्यांची केस तुम्ही नेहमी करता का?’ असं सरळ विचारा. उत्तर गुळमुळीत आलं, तर गोळ्याच बऱ्या.

आधी सिझर झालं असेल तरी गोळ्या देता येतात. जुना टाका उसवण्याचा धोका कमी असला तरी असतो. म्हणून रक्त आणि ऑपरेशन थिएटर हाताशी असलेलंच रुग्णालय निवडा.

माझ्या मते निर्णय फिरतो तो व्यंगाच्या कारणाच्या शोधावर. गोळ्यांनी बाळ अखंड बाहेर येतं; शवविच्छेदन नीट होतं, आईबापांना हवं असेल तर बाळाला पाहता येतं. शस्त्रक्रियेनंतर जनुकीय तपासणीला नमुना मिळतो, पण अवयवांची रचना तपासणं अवघड होतं. दोष आईबाप दोघांकडून आलेल्या अप्रभावी (दोन्ही प्रती सदोष असतील तरच आजार देणाऱ्या) जनुकाचा निघाला, तर पुढच्या प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के धोका राहतो. हे कळणं लाखमोलाचं. दोषाचं कारण आधीच गर्भजल तपासणीत सापडलं असेल, तर बाईला जे सोसवेल तेच करावं.

गर्भपात कायद्यातल्या २०२१च्या दुरुस्तीनुसार २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, २० ते २४ मध्ये दोघांचं लागतं. त्यापुढे गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ ठरवतं. बाई सज्ञान असेल तर तिची एकटीची संमती पुरते. नवऱ्याची सही कायदा मागत नाही.

पद्धत कोणतीही असो, दोनतीन दिवसांनी दूध उतरू शकतं. ते थांबवण्याच्या गोळीबद्दल घरी सोडण्याआधीच विचारा. रक्तगट निगेटिव्ह असेल तर पुढच्या बाळाला त्याचा त्रास होऊ नये म्हणून अँटी-डीचं इंजेक्शन ७२ तासांच्या आत घ्या.