रोज एक ड्रॉवर की दोन दिवसांत अख्खं घर? आवरायला काढण्याआधी हे वाचा

माळा गच्च भरलाय, कपाट उघडलं की काहीतरी अंगावर येतं आणि आता आवरायचंच असं ठरवलंय, तर पहिला प्रश्न हाच येतो की रोज थोडं थोडं करायचं का सुट्टी काढून सगळं एकदम. मी दोन्ही करून बघितलंय, आमच्या टू बीएचकेमध्ये पण आणि आईकडच्या जुन्या घरात पण, आणि माझं मत आता पक्कं आहे: वेळ किती आहे यावर ठरवू नका, काढलेली वस्तू घराबाहेर कशी जाणार यावर ठरवा.

रोज थोडं म्हणजे एक खण, एक डबा, पंधरा-वीस मिनिटं, बस. स्वयंपाकघराला हेच बरं, कारण तिथे पसारा मांडून ठेवताच येत नाही, संध्याकाळी पोळ्या करायच्याच असतात. एक ट्रॉली घ्या आणि बघा काय काय निघतं, तळाशी गेलेल्या हिंगाच्या दोन डब्या, रबर लावलेलं सांबार मसाल्याचं पाकीट, पार्सलसोबत आलेले केचपचे सॅशे, एकात एक घातलेले श्रीखंडाचे डबे आणि त्यांची झाकणं भलतीकडेच. झाकण नसलेला डबा आणि डबा नसलेलं झाकण एवढंच आधी बाजूला काढा, खणात लगेच जागा दिसायला लागते.

औषधांचा डबा पण असाच, एका बैठकीत होतो. गोळ्यांची स्ट्रिप आपण नेमकी तारखेच्या बाजूने कापतो, मग उरलेल्या तुकड्यावर ना नाव ना एक्स्पायरी, असले तुकडे सरळ काढून टाका, तापातल्या माणसाला अंदाजाने गोळी द्यायची वेळ येऊ नये. फक्त बेसिनमध्ये किंवा कमोडमध्ये टाकू नका, आणि ओल्या कचऱ्यात पण नको, घंटागाडीवाल्यांना वेगळ्या पुडीत सांगून द्या.

आता याची अडचण. रोज काढलेलं थोडंसंच असतं आणि थोड्याशासाठी कोणी येत नाही. रद्दीवाला दोन किलोसाठी जिना चढत नाही, बोहारीण गठ्ठा बघून भांडं देते आणि तिला चांगल्या साड्या, पँट, शर्ट हवे असतात, फाटकं ती घेत नाही, त्यात बऱ्याच सोसायट्यांमध्ये आता वॉचमन तिला आत सोडतच नाही. मग दारामागे "द्यायची पिशवी" तयार होते, तिच्या दोन होतात, तीन होतात, आणि कोणीतरी एक दिवस त्यातलंच काहीतरी परत काढून कपाटात ठेवतं. म्हणून थोडं थोडं करणार असाल तर आठवड्याचा एक वार पिशवी बाहेर जाण्यासाठी आधीच ठरवा, नाहीतर हे काम वर्षभर चालतं आणि सामान घरातच फिरतं.

एकदम काढण्याचा खरा फायदा इथेच आहे. माळ्यावरचं सगळं एका दिवशी खाली आलं की भंगारवाला टेम्पो घेऊन येतो, कारण त्याला माल दिसतो. माळा हप्त्याहप्त्याने होतच नाही, शिडी लावा, एकाने धरा, तोंडाला रुमाल बांधा, आणि एवढं केल्यावर दोन खोकी काढून थांबण्यात काही अर्थ नाही. पितळ-तांब्याचं घंगाळ, बंब, जुने डबे निघाले तर ते लोखंडासोबत एका काट्यावर घालू देऊ नका, वेगळं वजन, वेगळा भाव, आणि त्याआधी घरात एकदा विचारून घ्या की ते खरंच द्यायचंय का. बंद मिक्सर, चार्जर, जुना मॉनिटर हे भंगारात न देता ई-कचरा म्हणून द्या, २०२२ च्या नियमांप्रमाणे, जे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, त्याच्या रिसायकलिंगची जबाबदारी कंपन्यांवर आहे. फुगलेली मोबाईलची बॅटरी असेल तर ती अजिबात दाबू किंवा भोसकू नका, पेट घेते.

पण एकदमच्या पद्धतीत दुपारी चार वाजता डोकं चालायचं बंद होतं. सगळं पलंगावर पसरलेलं, झोपायला जागा नाही, मग एकतर नको ते फेकलं जातं नाहीतर सगळं होतं तसं परत कोंबलं जातं. आणि घरात वयस्कर माणसं असतील तर ही पद्धत मला बिलकुल पटत नाही. सासूबाईंची ट्रंक त्यांच्या गैरहजेरीत उघडायची नाही, म्हणजे नाहीच. त्यांच्यासोबत बसून एका वेळी चार-पाच साड्या काढा, प्रत्येकीची गोष्ट ऐका, कुठली कोणाला द्यायची ते त्याच सांगतात, आणि आपण मागितलं असतं त्यापेक्षा जास्त त्या स्वतःहून देऊन टाकतात. याला महिने लागले तरी लागू देत.

कागदपत्रं मात्र दोन्हींतून वगळा, थकलेलं असताना तर हातच लावू नका. लाईट बिलं, मॅन्युअल, वॉरंटी संपलेली कार्डं गेली तरी चालतील. खरेदीखत, इंडेक्स टू (म्हणजे घराच्या नोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मार्कशीट यांची वेगळी फाईल. सरकारचं डिजिलॉकर, म्हणजे मोबाईलवर कागदपत्रं ठेवायची सोय, २०१५ पासून आहे आणि त्यात संबंधित खात्याने जारी केलेला दाखला मूळ कागदासारखाच ग्राह्य आहे, पण आपण स्वतः स्कॅन करून अपलोड केलेल्या कॉपीला तो दर्जा नाही, त्यामुळे स्कॅन झालं म्हणून मूळ कागद फाडू नका.

तर कोणी काय करावं? घर बदलताय, रंगकाम किंवा पेस्ट कंट्रोल करायचंय, भाड्याचं घर सोडायचंय, तर एकदमच काढा. लहान मुलं आहेत, नोकरी आहे, घरात आजी-आजोबा आहेत, तर रोज थोडं, पण तो बाहेर न्यायचा वार पाळून. बाकी बहुतेकांना मी सांगेन की स्वयंपाकघर, औषधं, मुलांचे खण हे थोडं थोडं करा आणि माळ्यासाठी एक रविवार ठेवा, फक्त तो पावसाळ्यात नको, गाद्या-गोधड्यांना ऊन देता येत नाही, आणि दिवाळीच्या आदल्या आठवड्यात पण नको, तेव्हा सगळ्यांचीच घरं निघालेली असतात आणि भंगारवाला फोन उचलत नाही. पाऊस उघडला असेल आणि पितृपक्षात किंवा दसऱ्याच्या आधी उरकलं तर तो सावकाश येतो, नीट मोजतो आणि माळ्यावरचं जड सामान स्वतः खाली उतरवून पण नेतो.