शिकायला इंजिन कोणतं आणावं: चेतक की स्प्लेंडर?

इंजिनकाम शिकायचंय, भंगारातून काय उचलू, असं कोणी विचारलं की माझं पहिलं म्हणणं एकच: चालू इंजिन आणू नका, जाम झालेलं आणा. चालू इंजिन खोलून सगळं जागच्या जागी दिसतं आणि डोक्यात काही शिरत नाही. जाम झालेलं खोललं की ते कशाने गेलं हे शोधावंच लागतं.

त्यातही दोनच नावं घेईन. एक बजाज चेतकचं टू-स्ट्रोक, दुसरं हिरो होंडा स्प्लेंडरचं. (चेतक म्हणजे 1972 पासून आकुर्डीत बनलेला जुना. आताचा विजेवर चालतो, त्यात पिस्टनच नाही.)

चेतकचं इंजिन 145.45 सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टनची चाल) दोन्ही 57 मिमी. हेडमध्ये वाल्व नाहीत, म्हणून ते हलवणारी टायमिंग चेन नाही, टॅपेट नाहीत. चार नट सोडले की हेड (वरचं झाकण) हातात, मागोमाग ब्लॉक (सिलिंडर). माझ्या पहिल्या चेतकचा पिस्टन ब्लॉकमध्ये रुतून बसला होता. वरून डिझेल ओतून चार दिवस ठेवलं, मग लाकडाचा ठोकळा लावून हलके ठोके दिले. सुटला तेव्हा एक्झॉस्टच्या बाजूने उभा खरवडलेला, रिंगा खाचेत चिकटलेल्या. पेट्रोलमध्ये लिटरमागे 20 मिली ऑइल कशासाठी घालायचं, ते त्या दिवशी कळलं.

मात्र खालचा भाग दिसतो तितका भोळा नाही. क्रँकच्या (पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याच्या) चकतीची कड आणि केस (क्रँकभोवतीची पेटी) यांच्यामधली बारीक फट, हाच या इंजिनाचा इनटेक वाल्व, म्हणजे हवा-पेट्रोल आत सोडणारी झडप. केस सुटत नाही म्हणून तिथे स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलं, तर केस गेलीच समजा. गिअरच्या दांड्याखालचे सुटे सुई-रोलर ग्रीसने चिकटवून बसवायचे. एक निसटला तर अख्खी रात्र फरशीवर. ऑइल सीलही दोन्ही नवे टाका. क्लचकडचा गेला की गिअरचं ऑइल जळून पांढरा धूर, मॅग्नेटकडचा (क्रँकच्या दुसऱ्या टोकावरच्या चुंबकी चाकाकडचा) गेला की हवा ओढून इंजिन आपोआप रेस होतं.

स्प्लेंडरचं 97.2 सीसी, बोअर 50, स्ट्रोक 49.5. इथे खरी परीक्षा वरच्या मजल्यावर, हेडमधल्या वाल्वची वेळ जुळवण्यात. मॅग्नेटवरची ‘टी’ खूण केसच्या खुणेसमोर, वाल्व उघडणाऱ्या कॅमच्या चक्रावरची गोल खूण हेडच्या खाचेसमोर, आणि दोन्ही एकाच वेळी. माझ्याकडून पहिल्या खेपेला टायमिंग चेन एक दात सरकली होती. म्हणून किक मारण्याआधी मॅग्नेटच्या नटला पाना लावून हाताने दोन पूर्ण फेरे द्या. कुठे अडलं तर तिथेच थांबा, जोर करू नका.

वाल्व पेस्टने घासून झाले की हेड बाजूला कलतं धरून पोर्टमध्ये पेट्रोल ओता. आत झिरपलं तर पुन्हा घासा. हे काम चेतकवर शिकताच येत नाही.

पार्टच्या बाबतीत स्प्लेंडर सरळ पुढे. पिस्टन किट, रिंगा, पॅकिंग गावातल्या दुकानातही मिळतात. चेतकचे मिळतात, पण शोधावे लागतात आणि मापाला नीट बसतीलच असं नाही. बोअर मारायला (सिलिंडर आतून कापून मोठा करायला) आणि कनेक्टिंग रॉड प्रेसवर बदलायला दोन्ही वेळा लेथवाल्याकडेच जायचं.

टेबलावर चालवून बघायला मात्र चेतक बरा, कारण थंड करणारा पंखा त्याच्या मॅग्नेटवरच असतो. पत्र्याचं झाकण तेवढं बसवा. स्प्लेंडरला धावतानाचा वारा लागतो. उभ्या जागी एक-दोन मिनिटांत बंद करा.

पोट याच धंद्यावर भरायचं असेल तर थेट स्प्लेंडर, दारात येणारं गिऱ्हाईक फोर-स्ट्रोकच घेऊन येणार. रविवारचा छंद असेल तर चेतक. दोन्हीची ऐपत आणि जागा असेल तर आधी चेतक. मारुती 800 चं तीन सिलिंडरचं 796 सीसी इंजिन खुणावतं खरं, पण ते उचलायला माणसं लागतात आणि ठेवायला घरच्यांची परवानगी. ते पुढच्या वर्षी.

भंगारवाल्याकडे प्लग काढून आत टॉर्च मारा. गंज चालेल, बाहेरच्या, थंड करणाऱ्या पात्या तुटलेल्या चालतील, केसला तडा चालणार नाही. आणि इंजिन नंबर लिहिलेली पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. चोरीचा माल निघाला तर पोलीस तुमचं शिक्षण विचारत नाहीत.