जायंट स्क्विडची प्रतिकृती : फायबरग्लास की सिलिकॉन?

दहा-बारा मीटरचा जायंट स्क्विड, म्हणजे खोल समुद्रातला महाकाय माकूळ, छताला टांगायचा असेल, तर धडासाठी मी डोळे झाकून फायबरग्लास घेईन. पोकळ साच्यातून काढलेले भाग आतल्या लोखंडी सांगाड्यावर जोडता येतात, वजन आटोक्यात राहतं. सिलिकॉन जड, स्वतःच्या वजनानं लोंबतं, धूळ धरतं आणि साधा ॲक्रिलिक रंग त्यावरून सोलून निघतो.

पण कातडीचा प्रश्न आला की पारडं फिरतं. २०१२ मध्ये जपानच्या ओगासावारा बेटांजवळ हा प्राणी खोल पाण्यात प्रथमच जिवंत चित्रित झाला, तेव्हा तो चंदेरी-सोनेरी झळाळत होता. मेलेले नमुने मात्र तांबूस किंवा फिके दिसतात. ती झळाळी फायबरग्लासवर वरून मारली की मोटारीच्या पत्र्यासारखी दिसते. सिलिकॉनच्या अर्धपारदर्शक थरांमध्ये मोतिया पूड घातली, तर उजेड आत शिरून परततो.

चूषकांचंही, म्हणजे बाहूंवरच्या पकड घेणाऱ्या वाट्यांचंही, तसंच. प्रत्येक चूषक छोट्या देठावर, कडेला दातेरी कडं. असा खाचांचा आकार कडक साच्यात अडकतो. सिलिकॉन वाकवून अलगद सुटतं.

म्हणून धड आणि पर फायबरग्लासचे, बाहू आणि डोळ्याभोवतीची कातडी सिलिकॉनची. खर्च वाढतो, पण लोक जवळून पाहतात ते तिथेच.