नमुने अस्सल, चिठ्ठी संशयास्पद
वडोदऱ्यातील खनिजांच्या एका लहानशा दुकानात वाघोलीच्या खाणीतील कॅव्हान्साइट या खनिजाचा, पांढऱ्या स्टिल्बाइट खनिजावर बसलेला बोराएवढा गर्द निळा गोळा मी भिंगाखाली पाहिला, तेव्हा त्याच्या सुईसारख्या स्फटिकांपैकी एकही तुटलेला आढळला नाही. म्हणून सांगितलेली किंमत मी फारशी घासाघीस न करता दिली. जळगावचा अ‍ॅपोफिलाइटही काचेसारखा स्वच्छ होता. मात्र ‘बोरघाट, रेल्वेचे खोदकाम, मूळ चिठ्ठीसह’ म्हणून दुप्पट किमतीला दाखवलेला नमुना मी परत ठेवला, कारण घाटातला तो रेल्वेमार्ग १८६३ साली खुला झाला आणि नमुना कुठला हे सांगणारी ती चिठ्ठी चक्क बॉलपेनने लिहिलेली होती. जुन्या नमुन्याचे बरेचसे मोल मूळ चिठ्ठीतच असते, हे दुकानदारांना ठाऊक नसेल असे मला वाटत नाही. नमुन्यांची बांधणी मात्र चोख होती: सुईसारख्या स्फटिकांत तंतू अडकू नयेत म्हणून कापूस कटाक्षाने टाळला होता.