ओराक्विक एचसीव्ही झटपट चाचणी: ब्राँक्सच्या लॅटिनो वस्तीतील अनुभव

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात हेपॅटायटिस सीच्या (एचसीव्ही या विषाणूमुळे होणाऱ्या यकृताच्या आजाराच्या) मोफत तपासणी शिबिरांत मी स्पॅनिश दुभाषी म्हणून मदत करते. तेथे वापरल्या जाणाऱ्या ओराक्विक एचसीव्ही या झटपट चाचणीविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते.

चाचणीची रीत सोपी आहे. बोटाला टोचून आलेला रक्ताचा थेंब प्लास्टिकच्या बारीक कडीने उचलून द्रावणाच्या बाटलीत ढवळायचा, त्यात पट्टी उभी करायची आणि २० ते ४० मिनिटांच्या दरम्यान निकाल वाचायचा. पट्टीवरील 'सी' (कंट्रोल) या खुणेसमोर रेघ उमटली म्हणजे चाचणी नीट झाली. 'टी' (टेस्ट) या खुणेसमोरही, अगदी फिकट का होईना, रेघ दिसली तर रक्तात एचसीव्हीविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे (अँटीबॉडी) आहेत. दंडाला पट्टा बांधून शिरेतून रक्त द्यावे लागत नसल्यामुळे एरवी टाळाटाळ करणारे लोकही तयार होतात, हा या चाचणीचा मोठाच गुण आहे.

तपासणीला बसणाऱ्यांशी बोलताना दोन समजुती सतत ऐकू येतात. एक म्हणजे, 'मला काहीच त्रास होत नाही'. परंतु हा विषाणू यकृतात वर्षानुवर्षे गुपचूप राहू शकतो. दुसरी म्हणजे, 'मी हेपॅटायटिसची लस घेतली आहे'. ती लस ए किंवा बी प्रकाराची असते, सी प्रकारावर अद्याप लसच नाही. म्हणूनच अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने, सीडीसीने, २०२० पासून प्रत्येक प्रौढाला आयुष्यात किमान एकदा ही तपासणी करून घेण्याची शिफारस केली आहे.

ब्राँक्समध्ये तिचे महत्त्व अधिकच आहे. २००८ ते २०११ या काळात ब्राँक्स, शिकागो, मायामी आणि सॅन डिएगो येथील सोळा हजारांहून अधिक लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी मूळ असलेल्या, प्रौढांचा जो अभ्यास झाला, त्यात वयानुसार समायोजित केलेले संसर्गाचे प्रमाण पोर्तो रिको या कॅरिबियन बेटाचे मूळ असलेल्या पुरुषांमध्ये ११.६ टक्के, तर दक्षिण अमेरिकी मूळ असलेल्या पुरुषांमध्ये अवघे ०.४ टक्के आढळले. सगळ्यांना एकाच 'लॅटिनो' रकान्यात बसवले की हा फरक नजरेआड होतो.

चाचणीची उणीव मात्र गंभीर आहे. संसर्ग आपोआप गेलेल्या किंवा उपचारांनी बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तातही प्रतिपिंडे राहतात, त्यामुळे आज विषाणू आहे की नाही हे विषाणूचे जनुकीय द्रव्य थेट शोधणाऱ्या आरएनए चाचणीशिवाय कळत नाही. एका शिबिरात पॉझिटिव्ह आलेल्या, इंग्रजी न वाचता येणाऱ्या आजोबांच्या हाती केवळ इंग्रजी चिठ्ठी देऊन 'नंतर या' असे सांगण्यात आले, याचा मला मनापासून राग आला. रोजंदारीवर जगणारा माणूस त्यासाठी पुन्हा खाडा करील, ही अपेक्षाच चुकीची आहे. आणि ८ ते १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होत असताना तर ही हेळसांड अक्षम्य आहे.

बोटातील रक्तावरच सुमारे तासाभरात आरएनएचा निकाल देणाऱ्या एक्सपर्ट एचसीव्ही चाचणीला अमेरिकेत जून २०२४ मध्ये मान्यता मिळाली आहे. शक्य असेल तेथे आयोजकांनी तिची सोय करावी. ती नसेल, तर पॉझिटिव्ह व्यक्ती खुर्चीवरून उठण्यापूर्वीच पुढील तपासणीची तारीख, ठिकाण आणि दुभाष्याचा फोन क्रमांक स्पॅनिशमध्ये लिहून तिच्या हाती द्यावा.